फ्रँकफर्टच्या खोलीचे अंदाजपत्रक

फ्रँकफर्ट शहराच्या मध्यभागी, मुख्य रेल्वे स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर, स्वच्छ, सुरक्षित आणि मध्यमवर्गीय भारतीय मनुष्यास परवडेल अशी खोली मिळते किंवा नाही, असा प्रश्न जो कोणी विचारतो, त्यास त्या शहराचा स्वभाव अद्याप कळलेला नाही असे खुशाल समजावे. खोली मिळते आणि ती स्वच्छही असते. परंतु तिचे भाडे तिच्या लांबीरुंदीवर, खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यावर किंवा दारावर मिरविलेल्या ताऱ्यांवर अवलंबून नसून निव्वळ तारखेवर अवलंबून असते. ज्या खोलीसाठी एका मंगळवारी सत्तर-ऐंशी युरो पुरतात, त्याच खोलीसाठी, तेच अरुंद न्हाणीघर आणि तीच जिन्याखालची अडगळ कायम ठेवून, पुढील मंगळवारी तिप्पट-चौपट रक्कम मागितली जाते, आणि मागणाऱ्याच्या मुद्रेवर संकोचाची पुसटशी रेषाही उमटत नाही. विचारावे 'किती?' असे नव्हे, तर 'केव्हा?' असे.

याचे कारण शोधू गेल्यास सुमारे आठ शतके मागे जावे लागते. सम्राट दुसरा फ्रेडरिक इटलीत मोहिमेवर असता, ११ जुलै १२४० रोजी, त्याने आपल्या छावणीतून एक सनद जारी केली आणि फ्रँकफर्टच्या जत्रेस जाणाऱ्या-येणाऱ्या तमाम व्यापाऱ्यांना साम्राज्याचे अभय दिले. पुढे १३३० साली वसंत ऋतूतील दुसऱ्या जत्रेलाही बादशाही मान्यता मिळाली. रस्त्यावरील लुटारूंचा बंदोबस्त अशा रीतीने झाला. मुक्कामाच्या भाड्याचा बंदोबस्त मात्र कोणाही सम्राटाच्या आवाक्यातील नसावा, कारण तो आजतागायत झालेला नाही. जानेवारीत घरगुती कापडाची जत्रा, फेब्रुवारीत भांड्याकुंड्यांची आणि शोभेच्या वस्तूंची, सम वर्षांच्या सप्टेंबरात मोटारींच्या सुट्या भागांची, ऑक्टोबरात पुस्तकांची, असे हे चक्र अव्याहत चालू असते. सोलापूरच्या टॉवेल-कारखानदारास जानेवारीतले ते दिवस तोंडपाठ असतात. पुस्तकांच्या जत्रेत तर १९८६ आणि २००६ अशी दोन वेळा भारताला सन्माननीय पाहुण्याचे आसन मिळाले. परंतु राष्ट्र पाहुणे झाले म्हणून राष्ट्रातील माणसांना खोल्या पाहुण्यांच्या दराने मिळाल्या, असे कोणाकडून ऐकिवात नाही. जत्रेच्या आठवड्यात शहाणी माणसे माइन्त्स, ऑफेनबाख किंवा डार्मश्टाटला पथारी टाकतात आणि रोज आगगाडीने ये-जा करतात.

आणि आता डार्मश्टाटचा उल्लेख आलाच आहे, तर आमच्या एका स्नेह्यांची हकीकत सांगावयास हरकत नाही. हे गृहस्थ स्थानिक लेखापरीक्षेच्या खात्यातून सन्मानाने निवृत्त झाले असून, उभ्या हयातीत त्यांनी एकही व्हाउचर पूर्ण वाचल्यावाचून मंजूर केलेले नाही. त्यांचे चिरंजीव डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात शिकतात आणि विद्यार्थी-वसतिगृहातील अशा एका खोलीत राहतात की, जीत आईवडिलांना प्रेमाने बोलावता येते परंतु बसवता येत नाही. तेव्हा उभयतांनी फ्रँकफर्टच्या मध्यवस्तीत उतरावे, चिरंजीवांनी आगगाडीने येऊन भेटावे, आणि एकूण खर्च निवृत्तिवेतनाच्या मर्यादेत राहावा, असा बेत ठरला. बेत ठरला म्हणण्यापेक्षा प्रस्ताव दाखल झाला म्हणणे अधिक योग्य. कारण आमच्या स्नेह्यांनी खोली शोधली नाही, तर नियमाप्रमाणे किमान तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता तयार केला. तक्त्यात अकरा रकाने होते. शेवटचा रकाना 'शेरा' हा वहिनींसाठी राखून ठेवलेला होता, आणि त्यात वहिनींनी तिन्ही हॉटेलांपुढे एकच शेरा लिहिला : "अहो, बालदी आहे का ते विचारा."

बालदीचा मुद्दा पुढे येईलच. प्रथम अडचण निघाली ती वकिलातीची. जर्मनीचा व्हिसा मागावयाचा तर अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही दाखवावा लागतो. म्हणजे खोली ठरल्याशिवाय व्हिसा नाही. आणि व्हिसा मिळेलच याची खात्री नसता खोलीचे पैसे भरावे, हे तर लेखापरीक्षेच्या दृष्टीने सरळसरळ अनियमित. हे कोडे जगाने पूर्वीच सोडविलेले असून, त्याचे उत्तर 'विनामूल्य रद्द करता येणारी नोंदणी' असे आहे. ती न रद्द होणाऱ्या नोंदणीपेक्षा काही युरोंनी महाग पडते. आमच्या स्नेह्यांनी त्या काही युरोंना 'संभाव्य नामंजुरीची तरतूद' असे स्वतंत्र लेखाशीर्ष दिले आणि मगच त्यांना झोप लागली. मला विचाराल तर ही तरतूद अवश्य करावी. न रद्द होणारी खोली हे काटकसरीच्या वेषातील साहस आहे.

तारखांची छाननी झाली तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. आपल्याकडे महाबळेश्वरला शनिवार-रविवारी खोलीचे भाव गगनाला भिडतात आणि सोमवारी मालक स्वतः दारात उभा राहून हाका मारतो. फ्रँकफर्टला नेमके उलटे. हे शहर पेढ्यांचे आणि मध्यवर्ती बँकेचे. तेथे सोमवार ते गुरुवार कोट-टाय घातलेली माणसे कंपनीच्या खर्चाने झोपतात. शुक्रवारी दुपारी ती आपापल्या गावी निघून गेली की खोल्या ओस पडतात आणि भाडी मुकाट्याने खाली येतात. परक्याच्या पैशाने झोपणारा मनुष्य भावाची घासाघीस करीत नाही, आणि त्याचा भुर्दंड स्वतःच्या पैशाने झोपणाऱ्याला पडतो, हा अर्थशास्त्रातील सिद्धान्त त्या शहरात दर आठवड्याला नव्याने सिद्ध होतो.

मग जागेचा प्रश्न. स्वस्त हॉटेलांची दाटी मुख्य स्थानकाच्या समोर आहे. हे स्थानक १८८८ सालचे. त्याच्या माथ्यावर पृथ्वीचा गोल खांद्यावर घेतलेला अ‍ॅटलस उभा आहे, आणि दोन बॅगा, एक पिशवी आणि लोणच्याची बरणी घेऊन बाहेर पडणारा आपला प्रवासी त्याच्याकडे मान वर करून पाहतो तेव्हा उभयतांना एकमेकांविषयी सहानुभूती वाटत असावी. समोर कायझरश्ट्रासे नावाचा रुंद, भारदस्त रस्ता सरळ शहरात जातो. त्याला छेदणाऱ्या गल्ल्यांना मोझेल, एल्बे, वेझर अशी नद्यांची नावे आहेत. नद्यांची पवित्र नावे पाहून आमच्या स्नेह्यांनी एल्बेच्या नावाच्या गल्लीतील एका हॉटेलला तक्त्यात अनुकूल गुण दिले होते. ते चिरंजीवांनी दूरध्वनीवर घाईघाईने कमी करविले. त्या गल्ल्यांतील काही इमारतींवर सायंकाळी तांबडे दिवे लागतात, आणि तेथील व्यवसायाचे स्वरूप असे आहे की चिरंजीव ते वडिलांना सांगू शकत नव्हते आणि वडील ते समजल्याचे चिरंजीवांना दाखवू शकत नव्हते. "बाबा, तिथे जरा गोंगाट असतो," एवढ्यावर ते प्रकरण दप्तरी दाखल झाले.

स्थानकाच्या परिसराविषयी भयकथा पुष्कळ ऐकू येतात, आणि त्या सर्वस्वी निराधार नाहीत. अमली पदार्थांच्या आहारी गेलेली माणसे तेथे पदपथावर उघड दिसतात. त्यांना तुरुंगात कोंडण्यापेक्षा देखरेखीखाली आणावे, मरू देऊ नये, असे धोरण त्या शहराने गेल्या शतकाच्या अखेरीस स्वीकारले आणि त्यासाठी तेथेच खास केंद्रे उघडली. हे दृश्य मनाला क्लेश देते. पण ती माणसे आपल्या दुःखात इतकी बुडालेली असतात की आपल्या बॅगेकडे त्यांचे सहसा लक्ष नसते. बॅगेकडे लक्ष असणारे लोक निराळे. ते नीटनेटके कपडे घालून स्थानकाच्या आतच वावरतात. माझे मत विचाराल तर म्युंशनर श्ट्रासेच्या बाजूस, किंवा स्थानकाच्या दक्षिणेस एकदोन रस्ते आत सरकून, मागील अंगाची खोली मागावी. म्युंशनर श्ट्रासेवरून ट्राम धावते, तुर्की भटारखान्यांतून ताज्या पावाचा वास येतो, आणि हिंदुस्थानी-पाकिस्तानी किराणा दुकाने असल्यामुळे डाळ, तांदूळ आणि हिरवी मिरची यांचा वियोग फार काळ सोसावा लागत नाही.

गटे यांचे घरही तेथून पायी गाठता येते. ज्या महाकवीने गेओर्ग फोर्स्टरच्या १७९१ सालच्या जर्मन भाषांतरातून शाकुंतल वाचले आणि त्यावर लुब्ध झाला, त्याच्या जन्मस्थानाला जवळ असणे ही आमच्या स्नेह्यांच्या तक्त्यातील एकमेव बाब अशी होती की जिच्यापुढे युरोचा आकडा नव्हता. मूळ घर १९४४ च्या बॉम्बवर्षावात जमीनदोस्त झाले आणि नंतर जसेच्या तसे पुन्हा उभारले गेले. गटे स्वतः या शहरात आईवडिलांच्या घरी राहत असल्यामुळे जत्रेच्या दरांचा अनुभव त्यांना आला नसावा. अन्यथा जर्मन वाङ्मयात शोकात्मिकांची संख्या वाढली असती.

जर्मनीतील स्वस्त मुक्कामाची परंपरा, सराईवाल्यांइतकीच, एका शाळामास्तरांनी घडविलेली आहे. रिचर्ड शिरमान नावाचे शिक्षक १९०९ साली विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीस निघाले असता वादळी पावसात सापडले, एका गावातील शाळेत सर्वांनी रात्र काढली, आणि त्या जागरणातून गावोगावी मुलांसाठी स्वस्त वसतिगृहे असावीत ही कल्पना त्यांना सुचली. पुढे ती जगभर पसरली. फ्रँकफर्टमध्येही माइन नदीच्या काठी, साक्सेनहाउझेनच्या बाजूस, असे एक मोठे युवावसतिगृह आहे. हा इतिहास ठाऊक झाला म्हणजे स्वस्त हॉटेलाच्या दारामागे चिकटविलेल्या सूचनांचा कागद वाचताना राग येत नाही. रात्री दहानंतर शांतता पाळावी. काच, कागद आणि उरलेला कचरा वेगळा टाकावा. खोलीत स्वयंपाक करू नये. तो शाळामास्तरांचा आवाज आहे. आमच्या वहिनींनी नेलेल्या छोट्या विजेच्या शेगडीने त्या कागदाचा मान राखला, म्हणजे ती बॅगेतून बाहेरच आली नाही.

न्याहारीचा हिशेब स्वतंत्र. १ जानेवारी २०१० पासून जर्मन सरकारने हॉटेलच्या खोलीवरील कर १९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणला, परंतु न्याहारी मात्र १९ टक्क्यांवरच ठेवली. परिणामी, तोवर खोलीच्या पोटात सुखाने नांदणारी न्याहारी पावतीवर विभक्त होऊन वेगळ्या ओळीत राहू लागली. पुढे करांचे दर वरखाली झाले, पण एकदा वेगळी झालेली चूल पुन्हा एकत्र येत नाही. माणशी पंधरा-वीस युरो देऊन आठ प्रकारचे पाव, सहा प्रकारचे चीज, गार मांसाचे काप आणि लोकरी टोप्या घातलेली उकडलेली अंडी मिळतात. यांपैकी शाकाहारी मनुष्याच्या वाट्याला येणारा भाग आणि त्याची किंमत यांची रुजुवात घालून आमच्या स्नेह्यांनी न्याहारी 'नामंजूर' केली आणि स्थानकावरील पावाच्या दुकानाकडे मोर्चा वळविला. निर्णय योग्य होता. न्याहारी घेतलीच तर ती दुपारच्या जेवणाइतकी घ्यावी; मात्र कागदी रुमालात दोन पाव गुंडाळून पिशवीत सरकविण्याचा जो प्रघात आपल्या काही बांधवांनी पाडला आहे, तो सोडावा. तेथील वाढपी स्त्रिया काही बोलत नाहीत. नुसत्या पाहतात.

शिवाय एक पट्टी आहे. २०१८ पासून फ्रँकफर्ट नगरपालिकेने पर्यटकांवर माणशी दर रात्री २ युरोंचा आकार बसविला, आणि त्यातून व्यवसायानिमित्त येणाऱ्यांना वगळले. म्हणजे जो शहरात पैसे मिळविण्यासाठी येतो त्याला सूट, आणि जो घालविण्यासाठी येतो त्याला दंड! बर्लिन आणि क्योल्न येथे अशीच जकात खोलीच्या भाड्याच्या शेकडेवारीने घेतात. आमच्या स्नेह्यांनी 'मुलाची भेट' हे व्यवसायात मोडते किंवा कसे, याविषयी एक सविस्तर पृच्छा हॉटेलला धाडली. उत्तर आले, सौजन्यपूर्ण आले, आणि नकारार्थी आले.

खरी कसोटी लागते ती पोचल्यावर. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघणारे विमान फ्रँकफर्टला सकाळी सकाळी उतरते. शहरगाडी पाव तासाच्या आसपास मुख्य स्थानकावर आणून सोडते. आणि खोलीचा ताबा दुपारी तीनपूर्वी मिळत नाही. हे मधले सहा-सात तास कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविलेले नसतात. सामान हॉटेलात ठेवून घेतात, बहुधा फुकट. माणसे ठेवून घेत नाहीत. उभयतांनी हा काळ नदीकाठच्या बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीच्या सहवासात काढला. तीन वाजता स्वागतकक्षात नोंदणीचा कागद भरावा लागला. २०२५ च्या आरंभापासून जर्मन नागरिकांची यातून सुटका झालेली आहे; परदेशी मनुष्यास मात्र तो भरून सही करावी लागते. सर्व जग या कागदाला कंटाळते. आमचे स्नेही मात्र त्या कागदावर प्रथमच प्रसन्न हसले. रकाने होते; खाली सहीची जागा होती; परदेशात कोणीतरी आपले माणूस भेटल्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता, असे वहिनी सांगतात.

आता खोलीच्या आत. दोघांचा पलंग म्हणून जे दिले जाते ते एका चौकटीत शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन स्वतंत्र गाद्या असतात, आणि त्यांवर घड्या घालून ठेवलेली दोन स्वतंत्र पांघरुणे. मधल्या फटीत चष्मा, पासपोर्ट आणि कधी कधी मनुष्याचा हात अडकतो. पण ही व्यवस्था संसारास हितकारक आहे, असे माझे पक्के मत झाले आहे; रात्री पांघरूण ओढण्यावरून जे वाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, ते जर्मनांनी एक पांघरूण वाढवून निकालात काढले. उशीचे मात्र समर्थन करता येत नाही. ती लांबीरुंदीने ऐंशी सेंटिमीटर चौरस, पाहताना राजेशाही, आणि डोके ठेवताच चारी बाजूंनी उठून कानांवर येते. मध्ये काहीच उरत नाही. वहिनींनी तिची चौघडी केली, तीवर शाल ठेवली आणि प्रश्न सोडविला.

छताला पंखा नाही. खिडकीची मूठ खाली असता खिडकी बंद, आडवी केली की सताड उघडी, आणि वर वळविली की वरची कड आत कलून हवेपुरती फट पडते. या तिसऱ्या अवस्थेत खिडकी निसटून अंगावर येत आहे असे वाटून पहिल्या रात्री आमच्या स्नेह्यांनी ती दोन्ही हातांनी पेलून धरली होती. ती येत नाही. बिजागऱ्या भक्कम असतात.

पाण्यासाठी वणवण करू नये. नळाचे पाणी निर्धोक असते. बाटली विकत घेतलीच तर तिच्यावर २५ सेंटांची अनामत असते, ती रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकल्यावर परत मिळते. सरकारी नोकरीत अनामत परत मिळविण्यासाठी लोकांना वर्षानुवर्षे खेटे घालावयास लावण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्या स्नेह्यांना यंत्राने अर्जाशिवाय, दाखल्याशिवाय, तत्क्षणी चिठ्ठी काढून द्यावी, याचा केवढा धक्का बसला असेल! ते पुढील दोन दिवस चिरंजीवांच्या वसतिगृहातील रिकाम्या बाटल्या गोळा करीत होते. रविवारी मात्र दुकाने बंद असतात. स्थानकातली तेवढी उघडी राहतात, आणि मध्यवस्तीतील खोलीचे दोन पैसे अधिक का मोजले ते त्या दिवशी कळते.

तेव्हा जाणाऱ्यांनी प्रथम जत्रांची यादी पाहावी, मग विमानाचे तिकीट काढावे, शुक्रवारी उतरावे, रद्द करता येणारीच खोली घ्यावी आणि न्याहारी सोडून द्यावी. बालदीचे विचाराल, तर तिन्ही हॉटेलांनी लेखी कळविले की बालदी नाही. मग लहानसा प्लास्टिकचा मग तेवढा घरून न्यावा. वजनाला काहीच होत नाही.